रद्द करण्याचं कारण

आईच्या खांद्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी पुण्याची खोली सोडून वर्ध्याला परत आले. नोकरी सोडावी लागली नाही. घरून काम केलं तरी चालेल असं कंपनीने सांगितलं. आमची कंपनी एक ॲप चालवायची. मालिश, फिजिओथेरपी, योगाचे धडे यांपैकी काही घरी हवं असेल तर त्यावर वेळ ठरवायची आणि ठरल्या वेळी माणूस दारात हजर. ते ॲप कसं दिसावं, कोणतं बटण कुठे असावं, माणसाने कुठेही न अडखळता शेवटपर्यंत कसं पोचावं, हे ठरवायचं काम माझं. नातेवाइकांना ते कधी नीट समजावता आलं नाही. आई सगळ्यांना सांगायची, ती मोबाईलमधलं काहीतरी करते.

कंपनीने त्याच सुमारास नागपूरसोबत वर्ध्यातही काम सुरू केलं होतं. मी आईच्याच फोनवरून, आईच्याच नावाने, खांद्याच्या व्यायामासाठी बाई हवी म्हणून नोंदवलं. मनात थोडा अभिमानही होता. आपण आखलेली एकेक पायरी आपलीच आई चढते आहे, हे शेजारी बसून बघायला मला आवडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला स्कूटीवरून एक बाई आल्या. वय पस्तिशीच्या आसपास, खांद्याला मोठी निळी बॅग. जवळच्या आंजी गावाहून आल्या होत्या. नागपूरला कोर्स केला होता, इथल्या एका फिजिओथेरपी सेंटरमध्ये चार-पाच वर्षं काढली होती. आई मास्तरीण होती हे भिंतीवरच्या निरोप समारंभाच्या फोटोवरून त्यांनी ओळखलं आणि त्या क्षणापासून आईला "बाई" म्हणू लागल्या. मला "ताई". आधी कोमट तेलाने खांदा मोकळा करायचा, मग भिंतीवर बोटं एकेक इंच वर चढवायला लावायची. आई कण्हली की म्हणायच्या, "बाई, काल इथवर होता हात. आज हे बघा, कुठी गेला." आणि पेन्सिलने भिंतीवर बारीक खूण करायच्या.

मी शेजारच्या खोलीत लॅपटॉपवर असायचे. एकदा पाणी प्यायला आत आल्या तेव्हा स्क्रीनकडे बघून त्यांनी विचारलं, "ताई, तुमी कॉम्प्युटरवर चित्रं काढता का?"

"तसंच काहीसं," मी म्हटलं.

ज्या ॲपवरून त्या आमच्याकडे येत होत्या ते मीच आखते, हे मी सांगितलं नाही. सांगितलं तर त्या जपून बोलतील, तक्रारी सांगणार नाहीत, असं मी मनाशी कारण दिलं होतं. पण त्यांच्या तक्रारी तरी मी कुठे विचारत होते?

तीन आठवडे असे गेले. चौथ्या सोमवारी त्या आल्या नाहीत. आईच्या फोनवर संदेश आला की आपल्यासाठी नवीन व्यक्ती नेमण्यात आली आहे. त्या संदेशाचे शब्दही माझेच होते. खाली हसऱ्या चेहऱ्याचं छोटं चित्र होतं.

"काऊन नाई आली ती?" आईने विचारलं.

"कळत नाही. बदलली असेल."

"न सांगता बदलते का कोनी? मले दुसरी नको."

ॲपमध्ये कोणाचा नंबर कोणाला दिसत नाही. पण आईने पहिल्याच दिवशी त्यांना गाव, माहेर, मुलं, सगळं विचारून घेतलं होतं आणि नंबर कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला होता. मी दोन दिवस फोन केला, कोणी उचलला नाही. तिसऱ्या दिवशी आई ऐकेना. "शाळेच्या मागं घर आहे म्हने तिचं. जाऊन येजो," म्हणाली. मी स्कूटर काढली आणि आर्वी रोडला लागले.

मी आंजीला पोचले तेव्हा त्या अंगणात सासूसोबत मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. त्यांच्या घरची भाजीची शेती. दुसऱ्या दिवशीचा बाजार असावा, भिजवलेल्या पोत्यांवर जुड्यांचा ढीग होता. मला बघून त्या चटकन उठल्या. सासूला म्हणाल्या, "ज्या बाईचा हात मी करून राह्यली होती ना, त्याइची पोरगी." मग मला, "चला ताई, वांगे दाखवतो तुमाले," म्हणून मागच्या वावरात घेऊन गेल्या. वांग्यांकडे आम्ही दोघींनीही बघितलं नाही.

बांधावर बसल्यावर त्यांनी सांगितलं.

मागच्या शनिवारी त्यांना वर्ध्यातल्या एका कॉलनीतलं काम आलं होतं. नाव बाईचं होतं, तक्रार कंबरदुखीची. दार एका पन्नाशीच्या माणसाने उघडलं. मिसेस आंघोळीला गेल्या आहेत, बसा, म्हणाला. त्यांनी चटई अंथरली, तेल काढलं. मग तो म्हणाला, ती येईपर्यंत माझे खांदे बघून द्या, फार आखडलेत. त्या नाही म्हणाल्या, आम्ही बायकांचंच काम करतो. तो हसला आणि उठून दाराला आतून कडी लावली. मांजर आत येते, म्हणाला. घरात पाण्याचा आवाज कुठेही नव्हता.

"मले समजलं ताई, की आंघोळीले कोनी नाई."

त्यांनी फोन काढला. त्या जागेवर पोचलेल्या होत्या, म्हणजे काम रद्द करायचं तर ॲप कारण विचारणार. हाताला तेल होतं, अंगठा स्क्रीनवर नुसता घसरत होता. साडीच्या पदराला पुसून पुन्हा दाबलं तेव्हा चार कारणं दिसली. ग्राहक घरी नाही. पत्ता चुकीचा आहे. साहित्य उपलब्ध नाही. माझी तब्येत बरी नाही.

"मी वाचून राह्यली, वाचून राह्यली. माझं त्यात काईच नव्हतं. आन् तो मांगं येऊन उभा राह्यला होता, काय करता म्हने फोनवर."

शेवटी त्यांनी तब्येतीवर बोट ठेवलं. त्यावर ॲपने डॉक्टरच्या चिठ्ठीचा फोटो मागितला. मग त्यांनी फोन कानाला लावला आणि कोणीही पलीकडे नसताना मोठ्याने बोलल्या, "हाव, बाहेरच उभे आहा का? आली, आली मी." कडी काढून बाहेर पडल्या. तो दारापर्यंत आला, पण समोरच्या घरातली बाई कुंड्यांना पाणी घालत होती, म्हणून तिथेच थांबला. चटई, तेल, टॉवेल, ती निळी बॅग, सगळं आत राहिलं.

संध्याकाळी त्याने तक्रार टाकली, काम अर्धवट टाकून गेल्या म्हणून. चटईचा फोटोही जोडला. दुसऱ्या दिवशी त्यांचं खातं बंद झालं. घरी त्यांनी सांगितलं की वर्ध्यातलं काम संपलं.

"मालकाले सांगतलं असतं तर त्याइनं स्कूटीची चाबीच काढून घेतली असती," त्या नवऱ्याबद्दल म्हणाल्या. "माह्याच भल्यासाठी. पन मंग मी घरातच."

ती चार कारणं मीच निवडली होती. सुरुवातीच्या यादीत सात होती. पाचवं होतं: मला इथे थांबणं योग्य वाटत नाही. ते कोणी सुचवलं होतं आता आठवत नाही. पण लहान फोनवर सात कारणं मावत नव्हती, स्क्रीन खाली सरकवावी लागत होती, आणि ते मला खटकत होतं. कामावर माणसं पाठवणाऱ्या टीममधल्या एकाला मी फोनवर विचारलं, यातली कोणती वापरली जातात? त्याने चार सांगितली. बाकीची तीन मी पुसली. त्या स्क्रीनचं पुढे मीटिंगमध्ये कौतुक झालं होतं, किती मोकळी दिसते म्हणून. ग्राहकांसाठी मात्र तक्रारीचं पान मी महिनाभर घासूनपुसून केलं होतं. तीसेक ग्राहकांशी बोलले होते. फोटो जोडायची सोय त्यांच्यापैकीच एकीने सुचवली होती. काम करणाऱ्या बायकांपैकी एकीशीही मी बोलले नव्हते.

"ते ॲप मी करते," मी म्हटलं. "म्हणजे त्यातलं काय कुठे दिसायचं, ते. ती चार कारणं मी ठेवली."

त्यांना आधी समजलं नाही. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पायाजवळचं गवत उपटलं, बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"तीन हप्ते मी तुमच्या घरी आली ताई," त्या म्हणाल्या. "येक डाव विचारलं असतं तर सांगतलं असतं."

सासूने अंगणातून हाक मारली. त्या उठल्या, जाताना म्हणाल्या, "बाईले म्हना, भिंतीवरची खूण पुसू नका."

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं, माझ्या भागासकट. आईने मला बोल लावला नाही. तिने विचारलं, "बॅग कुठी आहे तिची?" त्या माणसाकडेच असणार, मी म्हटलं. "मंग आधी ते आन. तिचं सामान त्याच्या घरात काऊन राहावं?"

मला ते सुचलंच नव्हतं. मी कंपनीला लिहायच्या पत्राचा मसुदा करायला बसणार होते.

बॅग आणायला येता का, असं मी त्यांना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, "तुमी सोबत असान तर येतो." दोन दिवसांनी सकाळी अकराच्या सुमारास, तो माणूस कामावर गेला असेल अशा अंदाजाने, आम्ही दोघी त्या कॉलनीत गेलो. गेटजवळ त्यांचे पाय थबकले. मी पुढे होऊन बेल दाबली.

दार एका बाईने उघडलं. गाऊनवर ओढणी, हातात अर्धी सोललेली लसणाची पाकळी. आमच्याकडे बघितलं, मग माझ्या मागे उभ्या असलेल्या त्यांच्याकडे. काही विचारलं नाही. आत गेली आणि निळी बॅग घेऊन आली. चटई गुंडाळून दोरीने बांधलेली होती. टॉवेल धुऊन, इस्त्री करून, वर ठेवला होता.

"ते म्हणाले, तुम्ही अर्धवट सोडून गेल्या," ती बाई म्हणाली.

मी बॅग हातात घेतली.

"मी त्या दिवशी हिंगणघाटला होते, बहिणीकडे," ती म्हणाली. "माझ्या नावानं बोलावलं होतं म्हणे तुम्हाला. माझ्या फोनमध्ये तर ते ॲपच नाही."

हे सांगताना तिचा आवाज इतका खाली गेला की शेवटचे शब्द मला ओठांवरून कळले. मी तिला माझा नंबर द्यावा का असा विचार करत होते, तेवढ्यात तिने दार लावून घेतलं. आपटलं नाही. हळूच लावलं.

रस्त्यावर आल्यावर त्यांनी टॉवेल उघडून झटकला, पुन्हा घडी केली. "तिले माहीत आहे," म्हणाल्या. "आज पह्यल्यांदा नाई माहीत झालं."

कोणाचंही नाव टाकून, कोणत्याही नंबरावरून नोंदवता यावं, ही सोयही माझीच होती. आईसाठी मुलीला, सासूसाठी सुनेला नोंदवता यावं म्हणून केली होती. ओळख पटवायला लावली तर लोक मधेच सोडून जातात, असं आम्हाला दिसलं होतं. मी स्वतःही आईच्या नावाने तसंच नोंदवलं होतं.

पोलिसांत जायचं का, मी विचारलं. त्या म्हणाल्या, "काय सांगू? त्यानं कडी लावली म्हनून? गावात समजलं तर लोक म्हनतीन, हेच काम करत होती का हे." मी आग्रह केला नाही. करायला हवा होता की नाही, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही.

त्या आठवड्यात मी मीटिंग मागितली. आमच्या ॲपची प्रमुख माझ्याच वयाची, हुशार, मला मानणारी. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्या बाईंचं खातं लगेच सुरू करू, त्या माणसाचा नंबर बंद करू, म्हणाली. मग विचारलं, "असे प्रकार साधारण किती असतील?"

"माहीत नाही. ते सांगायची जागाच मी काढून टाकली होती."

ती म्हणाली, ते कारण परत टाकू, पण 'इतर'च्या आत. 'असुरक्षित' असा शब्द समोरच दिसला तर नव्याने काम धरणाऱ्या बायका घाबरतील. तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण मला तो तेलाने घसरणारा अंगठा दिसत होता. 'इतर' उघडायचं, मग खाली सरकायचं, मग निवडायचं. मी म्हटलं, मी हे घरोघरी जाणाऱ्या एखाद्या बाईला करायला लावून बघते, मग बोलू.

त्यांना विचारायला मला लाज वाटत होती. तरी विचारलं. त्या आल्या, बाईंचा हात बघायचा आहे म्हणून. खातं सुरू झालं होतं, पण ॲपवरून आल्या नाहीत. आईचा व्यायाम झाल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. मी फोनवर नवीन स्क्रीन दाखवली.

"थांबा," त्या म्हणाल्या. बॅगेतून बाटली काढून दोन्ही हातांना तेल चोळलं. मग फोन घेतला. तीनदा दाबलं, तीनदा दुसरंच काही उघडलं. आई हात गळ्यात बांधून दारात उभी राहून बघत होती.

"अर्ध्या फोनाएवढं बटन पाह्यजे," त्या म्हणाल्या. "न पाहता दाबता आलं पाह्यजे. आन् दारात उभं राहून कोन वाचते हे एवढं?" थोडा विचार केला. "आन् दाबलं का मले फोन यावा. खरा वाजला पाह्यजे, त्या मानसाले आयकू येईन असा. मंग मी म्हनीन, घरून फोन आला, जातो. भांडन नाई, काई नाई. बाईमानसाले तिथून निघाचं असते ताई, कारन नसते सांगाचं."

मी लिहून घेत होते. आई म्हणाली, "कारन नंतर विचारा म्हनाव. घरी पोचल्यावर."

ते होईपर्यंत काही महिने गेले. दोनदा फेटाळलं गेलं. एकदा मी राजीनामा लिहिला आणि पाठवला नाही. आईची औषधं, घराचा खर्च हे होतंच, पण खरं सांगायचं तर मी गेले असते तर ते काम तिथेच पडून राहिलं असतं, ही भीतीही होती. शेवटी झालं. खालच्या अर्ध्या स्क्रीनवर एकच बटण. दाबलं की फोन वाजतो, काम आपोआप रद्द होतं, त्याचा बाईच्या ॲपवरच्या गुणांवर परिणाम होत नाही, आणि आमच्या टीममधलं कोणीतरी त्या बाईला अर्ध्या तासात फोन करतं. कंपनीत त्या सोयीचं फार कौतुक झालं. सादरीकरणात ते माझ्या नावावर दाखवलं गेलं. मी मीटिंगमध्ये म्हटलं की हे मला एका काम करणाऱ्या बाईंनी सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुढचा विषय निघाला.

त्या माणसाचा नंबर बंद केला, पण त्याला दुसरं सिमकार्ड आणि दुसरं नाव घेण्यापासून आम्ही कसं अडवणार? ओळख पटवण्याबद्दल मी तीन वेळा लिहिलं आहे. विचार चालू आहे, असं उत्तर येतं. त्या कॉलनीवरून जायची वेळ आली की मी दुसरा रस्ता घेते. ती लसूण सोलणारी बाई मला रस्त्यात भेटली तर काय बोलायचं, ते मला ठाऊक नाही.

ते बटण ज्यांच्यामुळे झालं, त्यांनी ते कधी वापरलं नाही. त्यांनी वर्ध्यातल्या एका दवाखान्यात नोकरी धरली. घरोघरी जाणं सोडलं. मी चूक सुधारली असं त्यांना वाटतं का, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आईचा हात कानाच्या वर जाईपर्यंत दवाखान्यातून परतताना आठवड्यातून दोनदा यायच्या. माझ्याशी नीट बोलायच्या, पण "ताई, तुमी चित्रं काढता का" असं मोकळेपणाने परत कधी बोलल्या नाहीत.

बटण सुरू होऊन दहा-बारा दिवस झाले असतील. दुपारी जेवून मी कामाला बसले तर नोंदींच्या यादीत एक नवी ओळ दिसली. नागपूर, वेळ, बटण दाबलं. बाकी काही नाही. नाव माझ्यापर्यंत येत नाही, यायलाही नको. मी टीमला फोन लावला. हो, आमचं बोलणं झालं, बाई घरी पोचल्या, असं पलीकडचा माणूस म्हणाला.

आई बाहेरच्या खोलीत भिंतीशी बोटं चढवत होती. मी तिला जाऊन सांगितलं.

"कोन होती?"

"माहीत नाही. कळत नाही ते."

"पोचली का घरी?"

"पोचली म्हणाले."

आईचा हात भिंतीवर तसाच होता. "कोन बोललं तिच्याशी, मानूस का बाई?"

मी विचारलं नव्हतं. मी आत जाऊन पुन्हा फोन लावला. माणूसच बोलला होता. मी म्हटलं, एखाद्या बाईला बोलायला सांगा, आत्ता, आणि झालं की मला कळवा. तो म्हणाला, मॅडम, पण त्यांनी सांगितलं ना, सगळं ठीक आहे म्हणून.

"तरी सांगा," मी म्हटलं, आणि फोन हातात धरून बसून राहिले.